इंग्रजी शब्द हिंदीच्या वाटेने शिकलात? अनुभव सांगा

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, रायपूर इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं हिंदी माध्यमात शिकली. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी आली ती हिंदीचा हात धरून. काही जण हिंदीभाषकांना इंग्रजी शिकवतही असतील. कुठला शब्द अडला, का अडला, ते लिहा. व्याकरणाचे नियम नकोत, किस्से हवेत. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, इंदूर
आमच्याकडे फादर कामिल बुल्के यांचा इंग्रजी-हिंदी कोश होता, १९६८ साली पहिल्यांदा निघालेला. बेल्जियमहून आलेला माणूस रांचीत राहून हिंदीचा कोश करतो, याचं आजोबांना फार कौतुक. आजीचं मत वेगळं. मी मोठ्याने पाठ करायचे, "एज्युकेशन म्हणजे शिक्षा", की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "खरंच आहे बाई!" हिंदीच्या सरांनी 'अटेम्प्ट'ला 'चेष्टा' सांगितलं, तेव्हा तर 'परीक्षेची चेष्टा' हा घरातला कायमचा विनोद झाला. 'वर्ल्ड'चा 'संसार' मात्र तिने लगेच मान्य केला.

जबलपूर, निवृत्त कोर्ट कर्मचारी
आमच्याकडे 'कॉम्प्रमाइज'ला राजीनामा म्हणतात. भाऊबंदकीचा दावा मिटला तेव्हा वडिलांनी पुण्याला कळवलं, "राजीनामा झाला." काकांचं उत्तर आलं, "चांगली नोकरी का सोडलीस?"

ग्वाल्हेर
अर्थाचं सोडा, उच्चाराचं बघा. हिंदीत 'बैंक', 'मैप' लिहितात आणि वाचतात बँक, मॅप. आमच्या घरी तेच मराठी डोळ्यांनी वाचलं जायचं, म्हणजे बइंक, मइप. 'व'चंही तेच. मराठीत व्हेस्ट आणि वेस्ट निदान वेगळे दिसतात. हिंदी पुस्तकात बनियनही 'वेस्ट' आणि पश्चिमही 'वेस्ट'. वाक्य पुरं वाचल्याशिवाय पत्ता लागायचा नाही.

पुणे, संध्याकाळचे वर्ग घेते
माझ्याकडे हॉटेलांत काम करणारी उत्तर प्रदेश-बिहारची मुलं येतात. त्यांना शब्द कमी येतात असं नाही, एका हिंदी शब्दाला एकच इंग्रजी शब्द बांधून ठेवलेला असतो. 'मना करना' घ्या. डॉक्टरने मीठ मना केलं, मित्राने यायला मना केलं, दोन्हीकडे 'डिनाय'. मग मी त्यांच्याकडून नाटुकली करून घेते. डॉक्टर, मित्र आणि चोर. डॉक्टर 'फॉरबिड' करतो, मित्र 'रिफ्यूज', आणि "मी चोरी केलीच नाही" म्हणणारा चोर 'डिनाय'. चोराची भूमिका सगळ्यांनाच हवी असते.

'से'चा गुंता जास्त चिवट. "दो साल से" आणि "२०१९ से", दोन्हीकडे 'से', म्हणून सरसकट 'सिन्स टू इयर्स'. मी विचारते, घड्याळ कधी सुरू झालं ते सांगतोस की किती चाललं ते? सुरू झालं तो क्षण 'सिन्स', चाललं तो काळ 'फॉर'. (आपण मराठी माणसं यावर हसू नये. 'दोन वर्षांपासून' आपल्यालाही तिथेच नेऊन सोडतं.) पाठ केलेल्या शब्दयाद्यांवर माझा विश्वास नाही. यादीत फॉरबिड, रिफ्यूज, डिनाय हे तिन्ही शब्द 'मना करना'पुढेच येऊन बसतात.

रायपूर
माझा अनुभव उलटा. मराठीतलं आम्ही-आपण मला कधी धड जमलं नाही, हिंदीच्या 'हम'मुळे इंग्रजीतलं 'वी' मात्र चटकन बसलं.

मुंबई, हॉटेल व्यवसाय
रायपूरकर, तुमचा 'हम' बिहारमध्ये न्या! तिकडे एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. आमच्याकडे मुलाखतीला आलेला बिहारमधल्या आरा शहरातला मुलगा दारातून आत येत म्हणाला, "वी हॅव कम फॉर द जॉब." मॅनेजर त्याच्या मागे वाकून बघायला लागले. म्हणाले, "दुसऱ्यालाही बोलाव आत." मुलगा कामाला पक्का निघाला, घेतला आम्ही. गेल्या महिन्यात त्याचा रजेचा अर्ज आला: "वी आर गेटिंग मॅरीड."