जास्त कापलेला टॅक्स पगारातून परत मिळाला का? आपापले अनुभव सांगा

जानेवारी आला की ऑफिसात दर वर्षी तोच तमाशा. प्रूफ अपलोड करा, एलआयसीच्या पावत्या शोधा, घरमालकाच्या मागे लागा. आणि फेब्रुवारीची स्लिप आली की निम्मे लोक जागेवर बसून पुटपुटतात. आधी माझं सांगतो, मग तुम्ही लिहा, वर आपापलं ठिकाण टाकून.

२०२२-२३ चं वर्ष, जुनी टॅक्स पद्धत. मुलुंड पश्चिमेला भाड्याने राहतो, चेकनाक्यापासून दहा मिनिटं चालत. महिन्याचा बेसिक पगार ६०,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता ३०,०००, भाडं ३६,०००. एचआरएमधला माफ भाग काढताना तीन आकडे बघतात, मिळालेला एचआरए, भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून उरतं ते, आणि बेसिकचे ५० टक्के, आणि यातला सगळ्यात कमी तो धरतात. हे ५० टक्के तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई एवढ्यांनाच, बाकीच्यांना ४०. माझे तिन्ही आकडे बरोब्बर ३०,००० येतात. पण पोर्टलवर माझं शहर होतं ठाणे! जॉइन झालो तेव्हा कोपरीला राहायचो, घर बदलल्यावर पत्ता बदलला, पिनकोड बदलला, शहराचा ड्रॉपडाउन तसाच राहिला. म्हणजे माफ झाले २४,०००च. महिन्याला ६,००० चा फरक, वर्षाचे ७२,०००, त्यावर ३० टक्के आणि सेस धरून २२,४६४ रुपये. एका ड्रॉपडाउनपायी.

लक्षात आलं जानेवारीच्या शेवटी. मेल टाकला, तीन दिवस सामसूम, मग सरळ चौथ्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो. तिथली मुलगी म्हणाली, सर रिफंड असा वेगळा येत नाही, उरलेल्या दोन महिन्यांत कमी कापू. तसंच झालं. महिन्याला १४,००० जायचे ते फेब्रुवारी आणि मार्चला २,७६८ च गेले. बायकोला वाटलं पगारवाढ झाली. मी दोन दिवस काही बोललो नाही.

तुमचं काय झालं? किती, कधी, कंपनीने दिलं की रिटर्न भरून मिळवलं?

डोंबिवली

माझं नेमकं उलट. प्रूफची शेवटची तारीख जानेवारीत आणि मी बाळंतपणाच्या रजेवर. पोर्टल फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर चालतं आणि लॅपटॉप जमा केलेला. ८०सी कलमाखाली माफ होणारे पूर्ण दीड लाख, म्हणजे पीपीएफ आणि विमा, काहीच पोचलं नाही. त्यामुळे ४६,८०० जास्तीचे कापले, तेही मार्चच्या एकाच पगारातून, खात्यात जमा झालेला आकडा बघून रडूच आलं. एप्रिलमध्ये सगळे कागद पाठवले तर एका ओळीचं उत्तर, वर्ष बंद झालं, रिटर्नमध्ये क्लेम करा.

आता कळलं की पैसे ३१ मार्चच्या आत गुंतवलेले असले तर कंपनीला कळवायचं राहिलं तरी रिटर्नमध्ये दाखवता येतात. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर एवढं रडले नसते. जूनमध्ये फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला आला, जुलैत रिटर्न भरलं, ई-व्हेरिफाय केलं आणि मेसेज आला, रिफंड फेल. का, तर पॅनवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, टॅक्सच्या पोर्टलवर खातं प्री-व्हॅलिडेट, म्हणजे आधी पडताळून पक्कंच होईना. शेवटी कॉलेजच्या वेळचं खातं, ज्यात ८१२ रुपये पडून होते, ते बाळाला कडेवर घेऊन केवायसी करून जिवंत केलं आणि रिफंड रीइश्यूची रिक्वेस्ट टाकली. सप्टेंबरात आले. वर महिन्याला अर्धा टक्का व्याज. आणि नवरा म्हणतो त्या व्याजावर पण टॅक्स आहे. घ्या!

घाटकोपर

आमच्याकडे एचआरला मेल केला की तिकीट रेज करा असा ऑटो रिप्लाय येतो. तिकीट रेज केलं की दुसऱ्या दिवशी तिकीट क्लोज्ड. झाला अनुभव.

पवई

मुंबईतला नाही, पण पगारातून परत म्हणजे खरोखर परत मिळालेला अनुभव आहे म्हणून लिहितो. २०२२ च्या ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या ऑफिसच्या पेरोलवर गेलो. तिथे टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. पहिल्या दिवशी स्टार्टर चेकलिस्ट म्हणून कागद देतात, त्यात ए, बी, सी पैकी एक विधान निवडायचं. मला जेट लॅग, मी वाचलं न वाचलं आणि बी वर टिक केली. त्याने टॅक्स कोड पडला १२५७एल एम१. हा एम१ म्हणजे प्रत्येक महिना सुटा मोजायचा, मागचं काही बघायचं नाही. वर्षाला १२,५७० पाउंड माफ असतात, त्यातले एप्रिलपासूनचे न वापरलेले महिने माझ्या हिशेबात आलेच नाहीत. ३,००० पाउंड पगारावर दोन महिने साधारण ३९० कापले गेले.

शेजारच्या टेबलावरच्या मल्याळी मित्राने स्लिप बघितली आणि म्हणाला फोन कर. टॅक्स खात्याला फोन केला, चाळीस मिनिटं होल्डवर तीच ट्यून, पण नंतरची बाई इतकी शांत आणि नीट बोलली की मीच गोंधळलो. त्यांनी नवा कोड थेट कंपनीला पाठवला. डिसेंबरच्या स्लिपवर टॅक्सच्या रकान्यात उणे चिन्ह! ७८० च्या आसपास पाउंड पगारातच परत. ना रिटर्न, ना प्री-व्हॅलिडेशन. ती स्लिप मी अजून ठेवलीय.

लोअर परळ

मी पेरोलमध्येच काम करते, शिव्या आमच्याच नावाने असतात म्हणून लिहिते. कापलेला टॅक्स आमच्याकडे पडून नसतो हो. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चलन भरून सरकारजमा होतो, मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. त्यामुळे जास्त कापलेलं परत करायचं तर तुमच्याच पुढच्या महिन्यांच्या टॅक्समधून वळतं करायचं, तेही त्याच आर्थिक वर्षात, जुन्या आयकर कायद्याच्या १९२ कलमात मुभा तेवढीच होती. मुलुंडच्या दादांचं जमलं कारण त्यांचे दोन पगार बाकी होते. मार्चचा पगार एकदा रन झाला की आम्ही काही करू शकत नाही, तेव्हा मग ३१ मेपर्यंत २४क्यू, म्हणजे कापलेल्या टॅक्सचं विवरण भरायचो आणि त्यावरून तुमचा फॉर्म १६ काढायचो.

लोक नेट पगार बघतात, टॅक्स प्रोजेक्शनची शीट, म्हणजे वर्षाच्या टॅक्सचा अंदाज, कुणी उघडतच नाही. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बघा ना. आणि आमची बाजू पण ऐका. गेल्या वर्षी एकाने बारा महिन्यांच्या भाडेपावत्या दिल्या, सगळ्या एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेल्या, रेव्हेन्यू स्टॅम्पवर आईची सही आणि आईचा पॅन नाही. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन लागतोच, मग तो घरमालक आई असली तरी. परत पाठवल्या तर साहेबांनी आमच्या मॅनेजरला सीसीत टाकून मेल केला.

वाशी

मला परत सोडा, उलट भरायला लागले. सप्टेंबरमध्ये कंपनी बदलली आणि आधीच्या पगाराचा फॉर्म १२बी नव्या कंपनीत दिलाच नाही. दोघांनीही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून मिळणारी सरसकट वजावट दिली, दोघांनीही स्लॅब पहिल्या पायरीपासून मोजले. वर्षभर वाटत होतं काय मस्त पगार हातात येतोय. जुलैत सीएने दोन्ही फॉर्म १६ शेजारी ठेवले आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. ६८,००० आणि वर आगाऊ टॅक्स न भरल्याचं २३४बी, २३४सी कलमांचं व्याज.

बोरिवली

२०२४ च्या दिवाळीत युरोप टूर केली, ६ लाखांच्या पॅकेजवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्यांनीच आधी घेतलेला टॅक्स, ३०,००० आधीच गेलेले. त्याच ऑक्टोबरपासून फॉर्म १२बीएए आला, त्यात हे कंपनीला कळवलं की पगारातला टीडीएस, म्हणजे कापला जाणारा टॅक्स, तेवढा कमी करायचे. आमच्या एचआरला फॉर्मचं नावही माहीत नव्हतं, म्हणाले १२बीबी (तो वजावटी कळवायचा फॉर्म) म्हणायचंय का तुम्हाला. प्रिंट काढून टेबलावर ठेवली. जानेवारी ते मार्च महिन्याला दहा-दहा हजार कमी कापले. ज्यांनी टूर केली असेल त्यांनी बघा.

घाटकोपर

लोअर परळच्या ताईंचं वाचून आत्ता शीट उघडली. भाड्याच्या रकान्यात एप्रिल, मे, जून शून्य आहे. मी सात वर्षं त्याच घरात राहतोय! तिकीट-बिकीट काही नाही, उद्या लॅपटॉप उचलून थेट त्यांच्या टेबलावर.