व्यापारी म्हणतो उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द कर, काय करू?

इचलकरंजीत १६ लूम आहेत आमचे. सूत रोखीनं घ्यायचं, लाईटबिल वेळेत भरायचं आणि कापडाचे पैसे मात्र तीन-तीन महिन्यांनी. आता व्यापारी म्हणतो उद्यम रद्द कर नाहीतर माल घेत नाही.

उत्तर : दादा, अजिबात रद्द करू नका!! या नोंदणीमुळंच २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याचा आधार मिळतो. त्यात व्यापाऱ्यानं पैसे द्यायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५, त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि इन्कम टॅक्सच्या नियमामुळं (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) तुमचे थकवलेले पैसे त्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाहीत, म्हणून तो मागं लागलाय.

उत्तर : कायदा बरोबर आहे हो, पण एकट्यानं फॅसिलिटेशन कौन्सिलकडं (थकलेल्या पैशांच्या तक्रारी घेणारं सरकारी मंडळ) गेलं की ऑर्डर बंद, मी भोगलंय. तक्रार संघटनेच्या नावानं करता आली पाहिजे, लहान माणसाचं नाव पुढं यायला नको, हीच मागणी आमदार-खासदारांकडं लावून धरायला हवी.

प्रश्नकर्ता : पटलं. रद्द करत नाही. सगळी बिलं काढून ठेवतो, संघटनेच्या मीटिंगला घेऊन जातो, अजून कुणाला असंच सांगितलं असेल तर तुम्ही पण या.