मदत हवी आहे: वॉल्टन यांचा प्रयोग दहावीच्या मुलांना कसा सांगू?

नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान मंडळात आयरिश भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट वॉल्टन यांच्यावर बोलायचं आहे. वॉटरफर्ड परगण्यात १९०३ साली जन्म, वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण, १९२७ पासून केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांच्या हाताखाली.

मुलं रंगतील ती १४ एप्रिल १९३२ च्या प्रसंगात. प्रोटॉनना वेग देऊन लिथियमवर आदळवणाऱ्या यंत्राखालच्या अंधाऱ्या खोक्यात बसून वॉल्टन सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडचा पडदा बघतायत आणि त्यावर ठिणग्या लुकलुकायला लागतात. लिथियमचं केंद्रक फुटून दोन अल्फा कण (म्हणजे हेलियमची केंद्रकं) बाहेर पडत होते! याच कामासाठी १९५१ चं नोबेल वॉल्टन आणि त्यांचे सहकारी कॉकक्रॉफ्ट यांना मिळून दिलं गेलं.

घोडं अडतंय ते पुढे. केंद्रकाचं विद्युत प्रतिकर्षण ओलांडण्याइतकी ऊर्जा प्रोटॉनकडे नव्हती, तरी तो आत शिरला. भौतिकशास्त्रज्ञ गॅमोव यांनी मांडलेलं टनेलिंग (पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाने अडथळ्यापलीकडे जाणं) ते हेच. लहरींचं गणित न काढता हे कसं समजावाल? भिंतीतून आरपार जाणाऱ्या चेंडूचं उदाहरण मला पटत नाही, मुलं भिंतीला भोक पडलं असंच धरून चालतात.

आणखी एक. १९३४ मध्ये वॉल्टन ट्रिनिटीला परतले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवत राहिले. त्या काळाबद्दल वाचण्यासारखं काही सुचवाल का? मराठीत असेल तर फारच उत्तम.