जुन्या गाडीची कुलपी व्हील कव्हर किल्लीशिवाय कशी काढावीत?

जुनी_सेडान यांचा प्रश्न

माझ्याकडे १९८०च्या दशकातील एक मोठी अमेरिकन सेडान आहे. तिच्या चारही चाकांवर तारांच्या आऱ्यांसारखी दिसणारी क्रोमची कव्हरे आहेत. मधले चिन्ह असलेले गोल झाकण काढले की आत एक खोल नळी दिसते आणि तिच्या तळाशी एक बोल्ट आहे. या बोल्टचे डोके षटकोनी नाही. त्याच्या कडेला वेड्यावाकड्या खाचा आहेत, त्यामुळे नेहमीचा कोणताही पाना त्यावर बसत नाही. आधीच्या मालकाकडून गाडी घेतली तेव्हा या बोल्टची किल्ली सोबत मिळाली नाही.

टायर आता बदलायलाच हवेत, ब्रेकही तपासून घ्यायचे आहेत. परंतु कव्हर निघाल्याशिवाय चाकाच्या नटांपर्यंत हात पोहोचत नाही. एका कारागिराने कडेत पहार घालून कव्हर उचकटण्याची तयारी दाखवली, पण मी नकार दिला, कारण चारही कव्हरे चांगल्या अवस्थेत आहेत आणि त्यांना जोड मिळणे अवघड आहे. कव्हराला धक्का न लावता हा बोल्ट काढण्याचा काही मार्ग आहे का?

आटे_आणि_पाने यांचे उत्तर

पहार घालू दिली नाहीत, हे उत्तम केलेत. हे कव्हर दोन ठिकाणी धरलेले असते. कडेच्या आतल्या बाजूला स्प्रिंगसारखे दाते असतात आणि ते रिममध्ये घट्ट रुततात. त्याशिवाय चाकाच्या नटांखाली एक पोलादी पट्टी आवळलेली असते आणि मधला कुलपी बोल्ट त्या पट्टीत फिरतो. बोल्ट जागेवर असताना कडेने जोर लावला, तर दाते सुटतात, पण मध्यभाग पट्टीला धरून राहतो आणि कव्हर बशीसारखे वाकते. एकदा वाकलेले कव्हर पुन्हा कधीही सरळ बसत नाही.

हत्यार हाती घेण्यापूर्वी किल्लीचा नीट शोध घ्यावा. ती आखूड सॉकेटसारखी असते आणि एका टोकाला चाकाचा पाना लावता यावा म्हणून षटकोनी घडवलेली असते. ग्लोव्ह बॉक्स, जॅकची पिशवी, स्टेपनीखालचा खड्डा आणि डिकीच्या बाजूच्या आवरणामागची पोकळी या जागा हाताने चाचपून पाहाव्यात, कारण तिथे पडलेली काळपट लोखंडी वस्तू सहज नजरेत येत नाही. ती न सापडल्यास टॉर्चच्या उजेडात बोल्टच्या डोक्याचे समोरून छायाचित्र घ्यावे. अशा किल्ल्यांचे ठरावीक नमुने असत. त्यामुळे त्याच कंपनीच्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांकडे किंवा जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे छायाचित्र ताडून जुळणारी किल्ली मिळण्याची शक्यता बरीच असते. थोडा वेळ लागला तरी माझ्या मते हाच मार्ग सर्वांत चांगला आहे, कारण पुढे प्रत्येक पंक्चरच्या वेळी ती किल्ली लागणारच आहे.

किल्ली मिळाली तरी हवेच्या गनने, म्हणजे गॅरेजमध्ये नट झटक्याने सोडवणाऱ्या यंत्राने, बोल्ट फिरवू नये. किल्लीचे दात बारीक असतात आणि गनच्या झटक्याने ते किंवा बोल्टच्या खाचा तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल नळीत सोडावे आणि सकाळी हाताच्या पान्याने, किल्ली पूर्ण खोलवर बसवून व सरळ दाबून धरून, सावकाश फिरवावे.

क्रोम_जपा यांचे उत्तर

किल्ली मिळालीच नाही, तर काय करावे, याबद्दल लिहितो. गाडी सपाट जागी जमिनीवरच ठेवावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि डोळ्यांवर चष्मा घालावा.

बोल्टच्या डोक्याभोवती जागा असेल, तर डोक्यापेक्षा किंचित लहान असे बारा कोनांचे जुने सॉकेट त्यावर बेताने ठोकून बसवावे आणि मग रॅचेटने बोल्ट सोडवावा. घाव हलके असावेत. खालच्या पट्टीला मध्यभागी आधार नसल्याने जोराच्या घावांनी ती वाकते. तुम्ही वर्णन केलेली नळी मात्र बहुधा इतकी अरुंद असेल, की त्यात सॉकेटची भिंत मावणार नाही. अशा वेळी ड्रिल हाच उपाय उरतो. डोक्याच्या बरोबर मध्यभागी पंचाने खूण करावी, बारीक बिटने सुरुवात करावी आणि बिट हळूहळू वाढवत न्यावे. उलट्या दिशेने फिरणारे बिट मिळाले तर फारच बरे, कारण पुष्कळदा भोक पडता पडताच बोल्ट सैल होऊन बाहेर येऊ लागतो. तसे झाले नाही तरी बिटची जाडी बोल्टच्या दांड्याइतकी झाली की डोके सुटते. कव्हर निघाल्यावर पट्टीतून वर डोकावणारा दांडा व्हाइस ग्रिपने (घट्ट पकडून राहणाऱ्या पकडीने) पकडून काढता येतो, त्यामुळे पट्टी वाचते आणि फक्त बोल्ट बदलावा लागतो.

डोक्यावर नट वेल्ड करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो कृपया मानू नये. उष्णतेने नळीभोवतीचे क्रोम निळसर पडते आणि तो डाग सहज जात नाही.

बोल्ट निघाल्यावरही कव्हर दातांवर अडकलेले असेल. चपट्या हत्याराच्या टोकाला जाड कापड गुंडाळून ते कव्हराची कड आणि रिम यांच्या मध्ये सरकवावे आणि एका जागी सगळा जोर न देता सगळीकडून थोडे थोडे उचलावे. तारांना धरून मात्र कधीही ओढू नये.

जुनी_सेडान

दोघांचेही मनापासून आभार. जॅकच्या पिशवीच्या शिवणीत अडकलेली किल्ली सापडली आणि तेल रात्रभर मुरू दिल्यावर चारही बोल्ट हातानेच निघाले. कव्हरे पुन्हा बसवताना काय काळजी घ्यावी?

आटे_आणि_पाने

फार बरे वाटले. प्रथम पट्टी नटांखाली सपाट बसली आहे ना, हे पाहावे आणि नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळावेत. कव्हरे चढवण्यापूर्वी सुमारे ८० ते १०० किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा तपासावेत, कारण नंतर ते झाकले जातात.

कव्हर बसवताना आधी व्हॉल्व्ह त्याच्या भोकातून बरोबर मध्यावर येऊ द्यावा, मग उरलेली कड तळहाताने किंवा रबरी हातोडीने दाबत जावे. व्हॉल्व्ह कडेला घासत राहिला आणि कव्हर रिमवर थोडेसे जरी सरकले, तर व्हॉल्व्हची मान कापली जाऊन हवा जाते. कुलपी बोल्टच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्यावा, पण चाकाच्या नटांना ते लावू नये. बोल्ट हाताच्या बेताच्या जोराने आवळला की पुरे. रस्त्यात स्टेपनी लावावी लागली, तर पंक्चर झालेल्या चाकाची पट्टी व बोल्ट कव्हरासोबतच डिकीत ठेवावेत आणि किल्ली चाकाच्या पान्याला तारेने बांधून ठेवावी.