धूळवाफ साधेना, भात कसं करावं? सल्ला हवा (ता. शिराळा)

नमस्कार मंडळी,

शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या अंगाला आमचं सव्वा एकर भाताचं रान आहे. आमच्याकडं भात म्हणजे धूळवाफ. उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळं फोडायची आणि रोहिणीत, म्हणजे २५ मेच्या पुढं, कोरड्यातच कुरीनं, म्हणजे पाभरीसारख्या अवजारानं, पेरायचं. मृग पडला की उगवण. तरव्याची, म्हणजे रोपं तयार करायची, कटकट नाही, रोपांच्या लागणीला माणसं शोधत फिरणं नाही.

हे गणित आता बसेना. २०२३ ला पाऊस राज्यात सगळीकडं पोचेपर्यंत जून संपत आला. एका बारक्या सरीनं मोड आले ते उन्हानं वाळले, उरलेलं मुंग्यांनी नेलं. २०२५ ला नेमकं उलटं. वळीव थांबलाच नाही आणि २६ मेला मान्सून मुंबईत हजर! रानात घोटाभर चिखल, कुरीचे फण मातीनं बुजतात, पेरण्याजोगा वाफसा यायचा कुठनं? ज्यांनी आधीच उरकलं त्यांचं भात आलं, पण तणही बरोबरीनं आलं. भांगलणीची मजुरी काय झालीय ते सांगायला नको.

आमचे अण्णा म्हणतात, पाऊस तेवढाच पडतोय, त्याला पंचांग वाचून दाखवायला कुणी नाही एवढंच.

तर, मे महिन्यातच रान चिंबलं तर पुढं काय करायचं? कोकणात चिखल करून मोड आलेलं बी फेकतात, रहू म्हणतात त्याला. आमच्या काळ्या चिबड, पाणी साचणाऱ्या रानात ते चालेल का? आणि इंद्रायणी हे वाण सोडावं का? वास आहे, दरही बरा मिळतो, पण १३५-१४० दिवस घेते आणि वाऱ्यात लोळते. परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. आडव्या लोंब्यांना रानातच कोंब आलेले बघवत नाहीत.

कोयनाकाठ : भाऊ, आम्ही पाटणकडचे, लागणवाले. रहू थोड्या रानात करून बघा. बी दिवसभर भिजवून पोत्यात दाबून ठेवा, पांढरं टोक दिसलं की लगेच फेका. मोड लांबला की फेकताना तुटतो. चिखलावर पाणी उभं नको, नाहीतर बी कुजतं. आणि त्याच रात्री पावसानं झोडपलं तर सगळं बी खालच्या बांधाला गोळा. म्हणून उंचवट्याला गादीवाफ्यावर तरवा टाकूनच ठेवा. तुटाळी, म्हणजे न उगवलेल्या जागा, त्या रोपांनी सांधता येतील, नाहीतर सरळ लागण करा. इंद्रायणी निम्म्यात ठेवा, निम्म्यात रत्नासारखं लवकर येणारं घ्या. सगळं एकाच पावसात सापडणार नाही.

धागाकर्ता : आभारी आहे दादा. पाणी काढायचं तर ते खाली चुलत्यांच्या रानात जातं, त्यांना आधी विचारावं लागेल. तरवा किती टाकू?

कोयनाकाठ : एकराला चार गुंठे धरा. पण चुलत्यांशी उन्हाळ्यातच बोलून घ्या, पावसात कुणी चर काढू देत नाही.