आजारपणात श्रद्धेचा आधार: मनाला बळ की खोटी आशा?

परळची लेक (धागाकर्ती)

माझ्या नवऱ्याची किमो चालू आहे. या काळात मी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते आणि एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाऊन येते. यावर घरच्या ग्रुपवर एका दिरांनी लिहिलं, "वहिनी, ही मनाची फसवणूक आहे, यातून नुसती खोटी आशा पदरात पडते." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून इथे मांडते. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर बंगाल, बिहार, विदर्भातून आलेली कुटुंबं दिवसेंदिवस काढतात. त्यांच्या पिशवीत रिपोर्टच्या फाइलीशेजारी देवाची एखादी तसबीर असतेच. ही सगळी माणसं स्वतःला फसवताहेत का?

मला तसं वाटत नाही. रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी हरिपाठ म्हणत नाही. तो कसाही आला तरी सकाळी उठून यांना पेज भरवायची ताकद अंगात हवी असते, ती मला त्यातून मिळते. डोकं दिवसभर पुढच्या स्कॅनभोवती फिरत असतं, ते तेवढा वेळ थांबतं. औषधाची एकही वेळ मी चुकवलेली नाही.

आणि भक्ती म्हणजे देवाशी केलेला व्यवहार, असं म्हणणाऱ्यांनी तुकोबांचं आयुष्य आठवावं. दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. विठ्ठलाने त्यातलं काहीही परत दिलं नाही, आणि त्यांची भक्ती त्यानंतरच वाढली. आशा म्हणजे हवं ते मिळण्याची खात्री, एवढाच अर्थ धरला तर तुकोबांचं काहीच कळणार नाही. मला आशेचा तो दुसरा अर्थ हवा आहे आणि तो मला देवापाशीच सापडतो. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधातली सुद्धा.

प्रश्नचिन्ह

ताई, आधी तुमच्या यजमानांना लवकर बरं वाटो. तुम्हाला ज्यातून बळ मिळतं त्याला मी हात लावणार नाही. पण तुम्ही प्रश्न सगळ्यांसाठी मांडलात म्हणून स्पष्ट लिहितो.

२००६ साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर केलेला प्रार्थनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. पण आपल्यासाठी प्रार्थना नक्की चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत जास्त दिसली: ५९ टक्के. इतर दोन गटांत ती ५१-५२ टक्के होती. याचं कारण संशोधकांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण प्रार्थनेने निदान अपाय तरी होत नाही, हे आपण किती सहज धरून चालतो ते बघा.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. श्रद्धा शांती देते तशी भीतीही देते, आणि आपल्याकडे ती भीती बाईच्या वाट्याला जास्त येते. माझ्या मावशीला छातीत गाठ लागली तेव्हा घरातल्यांनी आधी कुलदेवीचा राहिलेला नवस शोधून काढला. मग कुणीतरी एका बाबाकडे नेलं. त्याने अंगारा दिला आणि "सुरी लागली की पसरतं" असं सांगितलं. डॉक्टरकडे जाईपर्यंत महिने गेले होते. मावशी शेवटपर्यंत म्हणत होती, "माझ्याच हातून काहीतरी राहिलं." तिच्या शरीराचं दुखणं मी समजू शकतो. तो अपराधीपणा तिच्या डोक्यात कुणी घातला, ते मी विसरू शकत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडले तो त्याच वर्षी झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. ते लिहावं लागलं, कारण माणसं तशी मरत होती. तुमचा हरिपाठ आणि तो अंगारा एक नाहीत, हे मला मान्य आहे. पण दोन्हीकडे जाणारा रस्ता एकाच दारातून सुरू होतो.

कसारा लोकल

धागाकर्तीशी सहमत. आमच्या गाडीत सकाळी भजनी मंडळ असतं, टाळ आणि ढोलकीसकट. माझी नोकरी गेली त्या वर्षी मी ऑफिस नसतानाही त्या गाडीने यायचो, नुसता त्या डब्यात बसायला. नवीन काम मंडळातल्याच एकाने मिळवून दिलं. घरी बसलो असतो तर माझं काय झालं असतं, सांगता येत नाही.

प्रश्नचिन्ह

@कसारा लोकल, तुम्हाला सावरलं ते माणसांनी. त्याचं श्रेय देवाला का द्यायचं?

कसारा लोकल

कारण ती माणसं विठ्ठलासाठी जमली होती. त्याच गाडीत पत्ते खेळणारे पण आहेत, रोजचे. त्यांच्यातलं कुणी माझी चौकशी करायला घरी आलं नाही. मंडळातले आले.

वॉर्डातली सिस्टर

मी कॅन्सर वॉर्डात काम करते, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते. श्रद्धा आहे की नाही यापेक्षा ती कुठल्या प्रकारची आहे, याने फार फरक पडतो. "देव माझ्यासोबत आहे" म्हणणारी माणसं रडतात, पण प्रश्न विचारतात, औषधं लिहून घेतात, जेवतात. "देव मला शिक्षा करतोय" असं ज्यांच्या मनाने घेतलेलं असतं ती गप्प होतात. दुखलं तरी सांगत नाहीत, कारण भोगलंच पाहिजे असं त्यांना वाटत असतं. धर्म आणि आजारपण यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही हे दोन प्रकार वेगळे धरतात. प्रश्नचिन्ह यांच्या मावशी दुसऱ्या प्रकारात अडकल्या, किंवा त्यांना अडकवलं गेलं. धागाकर्ती पहिल्या प्रकारातल्या आहेत. एकाच शब्दाखाली दोघींना आणलं की वाद कधीच मिटणार नाही.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मदर मेरीची सामूहिक प्रार्थना असते. माझे किती तरी रुग्ण तिथे जातात आणि त्यात हिंदू-मुसलमान सगळे असतात. जाऊन आले की बऱ्याच जणांची झोप सुधारते, हे मी बघितलेलं आहे. त्यासाठी मला कुठल्या आकड्याची गरज वाटत नाही.

फक्त एक कळकळीची विनंती. किमो चालू असताना रुग्णाने निर्जळी किंवा कडक उपास करू नये. रक्तातल्या पेशींचे काउंट पडले की किमोची पुढची सायकल लांबते. उपास नातेवाइकांनी करावा, आणि त्यांनीही दिवसभर पाणी प्यावं. तुम्हीच चक्कर येऊन पडलात तर रुग्णाकडे कोण बघणार? आणि मन फारच खचलं असेल तर १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. देवळात जाणाऱ्यानेही तिथे फोन करावा. त्यात देवाचा अपमान नाही.

नायगावची

बराच वेळ वाचते आहे. मला दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे.

आमच्या घरात देव्हारा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यात माझे आजोबा होते. आईच्या आजारपणात आम्ही रात्री वंदना म्हणायचो, त्रिशरण-पंचशील म्हणायचो. कुणाकडे काही मागायचं नव्हतं, कारण मागावं असा कुणी वर बसलेला आम्ही मानत नाही. तरी मन शांत व्हायचं, अगदी खरंखुरं शांत. म्हणून प्रश्नचिन्ह यांना सांगते, शांतीचा रस्ता अंगाऱ्याच्या दारातून जातच असतो असं नाही.

पण धागाकर्ती ताई, तुमच्या मनःशांतीच्या बोलण्याने मी थोडी बिचकते. माझ्या पणजीलाही शांत राहायला सांगितलं होतं. हे तुझ्या मागच्या जन्माचं आहे, सोस, पुढचा जन्म चांगला मिळेल. ती आशाच होती आणि तीही धर्मानेच दिलेली होती. बाबासाहेबांनी ती आशा आधी नाकारली आणि मग दुसरी दिली. म्हणून कुणी शांती देऊ केली की मी पहिल्यांदा विचारते, ही घेतल्यावर मला कशाबद्दल बोलायचं बंद करावं लागेल? फुटपाथवरच्या त्या कुटुंबांना तसबिरीतून बळ मिळत असेल, मिळू दे. पण त्यांना आपल्या जिल्ह्यात उपचार का मिळत नाहीत, हा राग त्या बळाने विझता कामा नये.

परळची लेक

सगळ्यांचे आभार. नायगावची, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या पणजीला जे सांगितलं गेलं ते मी श्रद्धा म्हणून मान्य करणार नाही. ते सांगणाऱ्याला स्वतःची सोय बघायची होती. सोसायला शिकवणारा हरिपाठ मी म्हणत नाही. यांच्या औषधाच्या मंजुरीसाठी मी खिडकीवर भांडले आहे, आणि त्या भांडणाचं बळही मला तिथूनच मिळालं.

प्रश्नचिन्ह, तो अभ्यास प्रार्थनेने रोग हटतो का हे तपासतो. मी तो दावा केलेलाच नाही. बायपास झालेल्या माणसाच्या बायकोला रात्री झोप लागली का, हे त्यात कुणी विचारलं होतं का? आणि दार एकच आहे म्हणून ते बंद करा, हे मला पटत नाही. अंगारा देणाऱ्याला पकडा, त्यासाठी कायदा आहे, मी तुमच्यासोबत उभी राहीन.

प्रश्नचिन्ह

दार बंद करा असं मी म्हणत नाही, तिथे पहारा ठेवा म्हणतो. गाडगेबाबांनी तेच केलं. नवस करणाऱ्यांना, बकरं कापणाऱ्यांना कीर्तनात उभं राहून उलटे प्रश्न विचारले. देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. फुटपाथवरच्या कुटुंबाला मी आशा म्हणून काही द्यायचं ठरवलं तर तिथली एक खोली देईन. तसबीर देणार नाही.

परळची लेक

गाडगेबाबांचं नाव तुम्ही घेतलंत ते बरं झालं. पण त्यांचं कीर्तन "गोपाला गोपाला"च्या गजराशिवाय झालं नाही, हेही सोबत घ्या. लोकांना खडसावणारा आणि नाम घेणारा माणूस एकच होता. तुम्हाला वाटतं गजर काढून टाकला तरी धर्मशाळा उभी राहिली असती. मला वाटतं, राहिली नसती. एवढ्या एका मुद्द्यावर तुमचं-माझं जमणार नाही. बाकी खोलीचं म्हणाल तर फुटपाथवरच्या त्या माणसांना आधी खोलीच मिळायला हवी, यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. सिस्टर, त्या धर्मशाळेत नाव नोंदवायला रुग्णालयाचं पत्र लागतं का, ते माहीत असेल तर कृपया इथेच लिहा. आमच्या इमारतीखाली यवतमाळचं एक कुटुंब आहे, त्यांना हवं आहे.