बघणारा कोण?
जाणिवेचा मुद्दा मला पटला नाही. दोन फटींतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे कुणी पाहिलं की त्याचं तरंगपण, म्हणजे लाटेसारखं वागणं, मोडतं; म्हणून मनच वास्तव घडवतं, असं काही जण म्हणतात. आधी लाटेसारखं वागणं म्हणजे काय ते पाहू. देवगडच्या धक्क्यापाशी तीन होड्या शेजारी लागल्या की मधल्या दोन फटींतून आलेल्या लाटा पलीकडे मिसळतात. कुठे उसळी, कुठे पाणी जवळपास गप्प. व्हिएन्नात १९९९ साली साठ कार्बन अणूंच्या रेणूंनीही फटींतून गेल्यावर अशीच नक्षी दाखवली, आणि तिथे प्रत्येक रेणूचं व्यतिकरण (लाटांचं असं मिसळणं) स्वतःशीच! पुढे २००४ मध्ये सत्तर कार्बनवाले रेणू लेसरने तापवत नेले, तशी नक्षी पुसट होत गेली. कारण तापलेला रेणू फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टाकतो आणि आपण कुठून गेलो याची खबर आसपास पोचते. ती वाचायला कुणी बसलेलं नसलं तरी चालतं. (आमच्या वाडीत बातमी फुटायला निदान माणूस तरी लागतो.)

अशी खबर आसपास पोचून नक्षी पुसण्याला डिकोहेरन्स म्हणतात. अर्थात त्याने सगळं सुटलं असंही नाही. नक्षी का पुसली ते कळतं, पण दोन शक्यतांपैकी नेमकी एकच पदरात का पडते यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. जाणीववाले शिरतात ते याच फटीतून.